संगणकाचा कंठ आणि संगणकाचे कान

घरांत नवा संगणक घ्यावयाचें ठरलें, कीं हल्लीं पुष्कळ कुटुंबांत एक लहानसा वाद उपस्थित होतो. चिरंजीव म्हणतात, 'आवाजासाठीं निराळें साउंड कार्ड बसवूं या; मदरबोर्डवरचा आवाज कांहीं खरा नव्हे.' तीर्थरूप म्हणतात, 'यंत्राबरोबर आपोआप मिळालेला आवाज ऐकूं येत असतां दुसऱ्यासाठीं पैसे कां मोजावे?' आजोबा दोघांचेंहि ऐकून घेतात, आणि शेवटीं दुकानदार सांगेल तें ठरतें. प्रश्न कांहीं हजार रुपयांचा आहे. आणि पुढें दिसून येईल त्याप्रमाणें कित्येक प्रसंगीं रुपयांत न मोजतां येणाऱ्या वस्तूचाहि आहे. म्हणून या महिन्यांत त्याचा थोडा सविस्तर विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें मत प्रारंभींच सांगून टाकतों. संगणकाला कंठ आहे आणि कानहि आहेत. आवाज बाहेर काढणें हें कंठाचें काम, बाहेरचा आवाज आंत घेणें हें कानांचें. मदरबोर्डवर जी आवाजाची चिप बसवून येते तिचा कंठ आतां पुष्कळच सुधारला आहे. बहुतेक घरांत त्याजवर अधिक पैसा घालण्याचें कारण उरलेलें नाहीं. कान मात्र अजून कच्चे आहेत. वाद घालणारी मंडळी नेमकी उलट बाजूस पैसा खर्च करितात, हें आमचें गाऱ्हाणें.

निराळ्या कार्डाचा आग्रह कोठून आला हें समजण्यासाठीं थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीचा पहिला वैयक्तिक संगणक निघाला, तेव्हां त्याच्या पेटींत एक चिमुकला भोंगा असे, आणि एका वेळीं एकच सूर काढण्यापलीकडे त्याची मजल नसे. १९८७ मध्यें कॅनडांतील ॲडलिब कंपनीनें यामाहाची चिप बसविलेलें कार्ड काढलें. १९८९ मध्यें सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनें 'साउंड ब्लास्टर' हें कार्ड बाजारांत आणलें. त्यांत वाद्यांच्या कृत्रिम सुरांबरोबर मुद्रित केलेला मनुष्याचा आवाजहि वाजूं लागला. त्या काळचे प्रोसेसर दुबळे होते. आवाजाचें ओझें त्यांजवर टाकलें, तर बाकीचें काम खोळंबे. म्हणून निराळें कार्ड ही तेव्हां चैन नव्हती, गरज होती.

पुढें १९९७ मध्यें इंटेल कंपनीनें मदरबोर्डवरच आवाजाची सोय करण्याचा 'ए. सी. ९७' नांवाचा ठराविक साचा घालून दिला, आणि २००४ मध्यें त्याची सुधारलेली आवृत्ति 'हाय डेफिनिशन ऑडिओ' या नांवानें आणली. प्रोसेसर इतके बलवान् झाले, कीं आवाजाचें काम त्यांच्या खिजगणतींतहि राहिलें नाहीं. २००७ मध्यें विंडोज व्हिस्टा आली, तिनें आवाजाची आंतली व्यवस्थाच बदलली आणि खेळांसाठीं कार्डांना असलेलें विशेष महत्त्व बरेंचसें संपुष्टांत आलें. आज बहुतेक मदरबोर्डांवर तैवानच्या रिअलटेक कंपनीची किंवा तशाच एखाद्या कंपनीची चिप आढळते. तात्पर्य, 'निराळें कार्ड हवेंच' हें वाक्य एके काळीं खरें होतें. काळ गेला आणि वाक्य तेवढें मागें राहिलें.

आतां मूळ व्यापार पाहूं. आपल्या नैयायिकांनीं शब्द कानापर्यंत कसा पोंचतो हें सांगतांना वीचीतरंगन्याय सांगितला आहे. पाण्यांत खडा पडला असतां एका लाटेंतून दुसरी लाट उठत जाते, तद्वत् शब्द पसरतो. संगणकांत मात्र लाट नसते, नुसते आंकडे असतात. लाटेची उंची दर सेकंदास हजारों वेळां मोजून ते आंकडे लिहून ठेवलेले असतात. १९८२ सालीं विक्रीस आलेल्या सी. डी. साठीं हें मोजमाप सेकंदास ४४,१०० वेळां घ्यावें असें ठरलें. मनुष्याच्या कानाची धांव सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंत, तीहि तरुणपणीं. आणि लाट पुरतेपणीं पकडावयाची तर तिच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक वेळां मोजावें लागतें. म्हणून हा आंकडा. प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांच्या शिडीवर बसवितात, यास १६ बिट म्हणतात. त्यायोगें अत्यंत हळू आणि अत्यंत मोठा या दोहोंत सुमारें ९६ डेसिबल अंतर मिळतें.

या आंकड्यांची पुन्हा विजेची लाट करणें हें कंठाचें काम. आजची साधारण चिप तें काम सी. डी. च्या मर्यादेच्या जवळपास करते, आणि वरच्या दर्जाच्या मदरबोर्डांवरील चिपा, त्यांच्या निर्मात्यांच्या आंकड्यांवरून पाहतां, १२० डेसिबलपर्यंत जातात. आपल्या घराकडे पाहा. रात्रीच्या शांत खोलींतहि सुमारें ३० डेसिबल आवाज असतोच; वर पंखा, रस्त्यावरची रिक्षा, स्वयंपाकघरांतील कुकर. ज्या खोलींत कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जातात, त्या खोलींत ९६ आणि १२० यांतला भेद कोणाच्याहि कानीं पडणार नाहीं. आवाजाचा खरा रंग ठरवितात ते स्पीकर किंवा हेडफोन, आणि त्यांच्या खालोखाल ती खोली. पांच हजारांचें कार्ड व पांचशें रुपयांचे स्पीकर ही जोडी म्हणजे चांदीच्या तांब्यांतून गढूळ पाणी पिण्यासारखें आहे. तोच पैसा स्पीकरांत घातला तर घरांतील आजींनासुद्धां फरक कळेल.

तरीहि कोणी म्हणेल, 'आमच्या संगणकांत खरखर येते.' येते हें खरें. संगणकाच्या पेटींत वीजपुरवठ्याचा डबा, चित्रांचें कार्ड, पंखे अशी गर्दी असते आणि त्यांच्या विजेची कुजबुज आवाजाच्या वाटेंत शिरते. माउस हलविला कीं चिरचिर वाढते, हें त्याचें लक्षण. परंतु औषध घेण्यापूर्वीं पथ्य करून पाहावें. पेटीच्या पुढच्या बाजूचें हेडफोनचें छिद्र लांब तारेनें मदरबोर्डाला जोडलेलें असतें आणि ती तार वाटेंत कुजबुज गोळा करिते; म्हणून प्रथम मागच्या हिरव्या छिद्रांत लावून पाहावें. संगणकानें आवाज 'सुधारण्यासाठीं' आपण होऊन चालू ठेवलेल्या करामती बंद कराव्या. लॅपटॉप चार्जरवर असतांना गुणगुणत असेल, तर चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर दोष चिपेचा नव्हे, विजेच्या वाटेचा. या तिन्ही उपायांस एक पैहि लागत नाहीं.

एवढें करूनहि खरखर राहिली, अथवा चिरंजीवांजवळ २५० किंवा ३०० ओहम रोधाचे मोठे हेडफोन असले, तर मात्र निराळें उपकरण घेण्यास आमची हरकत नाहीं. कानांत घालावयाच्या साध्या बोंड्या १६ ते ३२ ओहमच्या असतात व त्यांस कोणतीहि चिप पुरी पडते. मोठ्या रोधाच्या हेडफोनांस हलविण्यास दाब अधिक लागतो. आणि एक गोष्ट खरेदीपूर्वीं अवश्य ध्यानांत घ्यावी. हेडफोन ब्लूटूथचे किंवा यू. एस. बी. चे असतील, तर आंकड्यांची लाट करण्याचें काम हेडफोनच्या पोटांतच होतें. आवाज एच. डी. एम. आय. तारेनें दूरदर्शन संचाकडे जात असेल, तर तें काम तो संच करतो. अशा घरीं हजारों रुपयांचें साउंड कार्ड पेटींत नुसतें बसून राहील.

'पण मला फरक ऐकूं येतो' असें जो तरुण छातीठोकपणें सांगतो, त्याच्या प्रत्यक्ष प्रमाणाचा अनादर आम्ही करीत नाहीं. तथापि प्रत्यक्षांतहि भ्रम असतो हें शास्त्रकारांनींच सांगून ठेविलें आहे. आपण काय ऐकत आहों हें आधीं ठाऊक असलें, कीं किंमत कानांत बोलूं लागते. यास सोपी कसोटी आहे. मित्राचें कार्ड एक दिवस मागून आणावें. दोन्ही आवाजांची पातळी अगदीं सारखी करावी. कारण यत्किंचित् मोठा आवाज नेहमीं चांगला वाटतो, आणि दुकानांत हीच फसगत होते. मग धाकट्या बहिणीनें पडद्यामागें बसावें, नाणें उडवून कौल घ्यावा, कधीं हें यंत्र कधीं तें यंत्र लावावें, आणि दादांनीं प्रत्येक वेळीं उत्तर कागदावर लिहावें. दहांपैकीं पांच उत्तरें तर नुसत्या अंदाजानेंहि बरोबर येतात. दहांपैकीं नऊ किंवा दहा साधलीं, तर तें योगायोगानें घडण्याचा संभव शेंकडा एकाच्या आसपास उरतो. तेव्हां तीर्थरूपांनीं निमूटपणें पैसे काढून द्यावे. न साधलीं, तर दादांनीं तोच हट्ट पुढल्या दिवाळीपर्यंत पुन्हा काढूं नये. हा न्याय उभयतांस बांधील असावा.

येथवर कंठाचें झालें. आतां कानांकडे वळूं. आणि आमच्या मतें खरा प्रश्न येथेंच आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील वडील गृहस्थ कीर्तन करीत. १९८० नंतरच्या दशकांत त्यांचीं दहाबारा कीर्तनें नातलगांनीं कॅसेटींवर उतरून घेतलीं होतीं. त्यांच्या पश्चात् नातवानें मोठ्या भक्तीनें व कष्टानें तीं सर्व लॅपटॉपमध्यें भरलीं. कॅसेटयंत्राची तार त्यानें लॅपटॉपच्या एकुलत्या एका छिद्रांत घातली. पडद्यावर रेघा हलतांना दिसल्या, फाइली तयार झाल्या, आरंभींचीं चार वाक्यें ऐकून पाहिलीं, आवाज येत होता. पुढें जुनें घर रिकामें करावें लागलें, तेव्हां 'आतां सारें संगणकांत आहे' म्हणून कॅसेटी भंगारांत गेल्या. वर्षश्राद्धाच्या दिवशीं मंडळी ऐकावयास बसलीं. पूर्वरंगाचें निरूपण कसेंबसें समजे. परंतु बोवांनीं आवाज चढविला कीं तो फाटे. झांजांच्या जागीं नुसती खरखर, आणि पेटी कोठें व तबला कोठें हें ओळखूं येईना. थोड्या वेळानें आजीबाई उठून आंत गेल्या.

त्या मुलाला कोणी बोल लावला नाहीं, आणि लावूंहि नये. ज्या छिद्रांत त्यानें तार घातली, तें त्या कामासाठीं केलेलेंच नव्हतें. लॅपटॉपचें तें एक छिद्र हेडफोन व बोलण्याचा मायक्रोफोन यांच्यासाठीं असतें. मायक्रोफोनकडून येणारा विजेचा दाब व्होल्टाच्या हजाराव्या भागांत मोजावयाचा, म्हणून छिद्रामागील यंत्रणा त्यास शेंकडों पटींनीं वाढविते. कॅसेटयंत्राकडून येणारा दाब मुळांतच व्होल्टाच्या एक तृतीयांशाच्या आसपास. लहान मुलासाठीं केलेल्या उखळींत मोठें मुसळ घालावें तसें होतें. लाटेचा माथा शिडीच्या टोकाला आपटतो आणि तेथून पुढें तो कापला जातो. कापलेला माथा पुन्हा जोडण्याची विद्या नाहीं. शिवाय तें छिद्र एकपदरी आहे. उजवा व डावा असे कॅसेटीवरील दोन पदर त्यांत एकत्र कालवले जातात.

वाजविण्यांत चूक झाली तर उद्यां पुन्हा वाजवितां येतें. मुद्रणांत चूक झाली आणि मूळ वस्तु गेली, तर ती चूक कायमची. म्हणून कंठापेक्षां कानांची काळजी अधिक घेतली पाहिजे. जगांतील ध्वनिसंग्रहालयांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिनें जुन्या फितींच्या जतनासाठीं मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले आहेत. त्यांची दुसरी आवृत्ति २००९ सालची. त्यांत स्पष्ट म्हटलें आहे, कीं आवाजाचे आंकडे करण्याचें काम संगणकाच्या आंतील साउंड कार्डावर सोंपवूं नये, कारण स्वस्त जुळणी आणि पेटींतील विजेची कुजबुज यांमुळें तें जतनाच्या दर्जाचें होत नाहीं. त्यासाठीं पेटीबाहेरचें स्वतंत्र उपकरण वापरावें. मोजमाप सेकंदास निदान ४८,००० वेळां व २४ बिटांचें असावें, असेंहि त्यांत सांगितलें आहे.

येथें बापलेकांच्या वादाचा निकाल एका अनपेक्षित रीतीनें लागतो. चिरंजीव मागतात तें पेटीच्या आंत खुपसावयाचें कार्ड. तें ज्या गोंगाटापासून सुटावयाचें त्याच गोंगाटांत राहावयास जातें; लॅपटॉपमध्यें तर तें बसतच नाहीं. त्याऐवजीं यू. एस. बी. तारेनें जोडावयाची एक लहान डबी मिळते, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. तिला उजव्याडाव्या पदरांचीं दोन निराळीं छिद्रें असतात, आवाज कमीजास्त करण्याचे खुंटे असतात, लाट माथ्याला लागली कीं तांबडा दिवा लागतो, आणि पुष्कळ डब्यांत चांगल्या मायक्रोफोनला लागणारा ४८ व्होल्टांचा पुरवठाहि असतो. साधारण पांच ते पंधरा हजार रुपयांच्या दरम्यान कामचलाऊ ते चांगली अशी डबी मिळूं शकते. घेतांना दोन गोष्टी विचाराव्या. कॅसेटयंत्र जोडतां येईल अशीं दोन छिद्रें आहेत काय, आणि ती २४ बिटांचें मुद्रण करते काय. बाजारांत जे शेंदोनशें रुपयांचे तुकडे मिळतात त्यांतील बहुतेकांचा कान लॅपटॉपप्रमाणेंच एकपदरी असतो. डबीचा खर्च एका घरास जड वाटला, तर चार भावांनीं मिळून एक घ्यावी. ती चारी घरांत फिरवितां येते, हा पेटींतल्या कार्डाला नसलेला आणखी एक गुण. आणि चिरंजीवांचें समाधान म्हणून हेंहि सांगतों, कीं हीच डबी कंठाचेंहि काम उत्तम करिते.

मेजावरच्या मोठ्या संगणकाच्या मागें फिकट निळें छिद्र असलें, तर तें कॅसेटयंत्रासारख्या उपकरणांसाठींच असतें व दुपदरी असतें. डबी मिळेपर्यंत तें गुलाबी छिद्रापेक्षां कितीतरी बरें.

कामाची रीत थोडक्यांत अशी. कॅसेटयंत्राचें डोकें प्रथम स्वच्छ करावें. मळलेल्या डोक्यांतून जो सूर निघालाच नाहीं, तो कोणतेंहि कार्ड पकडणार नाहीं. कॅसेटींतील सर्वांत चढा भाग आधीं वाजवून पाहावा आणि आवाजाचा खुंटा असा ठेवावा, कीं लाटेचा माथा कमाल मर्यादेच्या १०-१२ डेसिबल खालीं राहील. एक तासाच्या कॅसेटीची वरील मापाची फाइल सुमारें एक गिगाबाइट होते. जागा लागते म्हणून ती आवळून लहान करूं नये. लहान प्रत नातलगांस धाडण्यासाठीं निराळी काढावी. मूळ फाइल दोन ठिकाणीं, शक्य तर दोन गांवीं ठेवावी. प्रत्येक मुद्रण आरंभापासून शेवटपर्यंत घरांतल्या जाणत्या मनुष्यानें ऐकावें, आणि त्यानंतरहि कॅसेट टाकूं नये. कॅसेटीचा जन्म १९६३ चा; आपल्या घरांत ज्या आहेत त्यांचीहि तीसचाळीस वर्षें होऊन गेलीं. त्यांतील गादीचा तुकडा निखळतो, फीत चिकटते, आणि वाजविणारीं चांगलीं यंत्रें दुर्मिळ होत चाललीं आहेत. हें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं.

कानांचा आणखी एक उपयोग हल्लीं घरोघर होऊं लागला आहे. मुलगी बंगळुरास किंवा अमेरिकेंत, गाण्याच्या बाई पुण्यास, आणि शिकवणी संगणकावरून. तेथें 'तंबोरा ऐकूंच येत नाहीं' अशी तक्रार असते व दोष साउंड कार्डाला दिला जातो. वास्तविक बोलण्याचा जो कार्यक्रम संगणकांत चालू असतो, तो एकसारखा टिकणारा नाद पंख्याचा समजून आपण होऊन पुसून टाकतो. तंबोऱ्याचा षड्ज त्याच्या हिशेबीं गोंगाट! हा गोंगाट पुसण्याचा पर्याय बंद केला, कीं तंबोरा परत येतो. झूममध्यें यासाठीं 'ओरिजिनल साउंड' नांवाची सोयच आहे. तेवढ्यानें भागलें नाहीं, तरच डबी व मायक्रोफोन यांचा विचार करावा.

सारांश, नुसतें ऐकावयाचें असेल तर मदरबोर्डवर आहे तें पुरे समजावें, आणि हातीं पैसा असेल तर तो स्पीकरांत घालावा. साठवावयाचें असेल, तर पेटीबाहेरच्या डबीस मागेंपुढें पाहूं नये. दोहोंच्या मध्यें असणारें, पेटींत खुपसावयाचें कार्ड बहुतेक घरांस नकोच.

आणि घरांत कॅसेटी नसतील, पण मंगळागौरीचीं गाणीं, जात्यावरच्या ओव्या किंवा भूपाळ्या ज्यांस अजून पाठ आहेत अशा आजी असतील, तर डबी येईपर्यंतहि थांबूं नये. खोलीचा पंखा बंद करावा, हातांतला फोन त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा आणि त्यांस म्हणूं द्यावें. ओव्यांचे शब्द वहींत उतरवून ठेवतां येतात. त्या म्हणणारीचा आवाज वहींत मावत नाहीं.